फाटक काऊन नव्हतं?

आपल्या महाराष्ट्रात एक विमान कापसाच्या ट्रकला धडकून पडलंय, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. मग मोबाईल काढतो, शोधतो, आणि गप्प होतो. 26 एप्रिल 1993. औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, चिकलठाण्याचं विमानतळ. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग 737, दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर करत आलेलं, आता मुंबईला जायचं. दुपारी एकच्या सुमारास उडालं, ते धावपट्टीच्या अगदी टोकाला जाऊन. आणि टोकाच्या पुढं होता रस्ता. बीड रोड. रस्त्यावरून चालला होता एक ट्रक, त्यात प्रेस केलेल्या रुईच्या गाठी. विमानाचं डाव्या बाजूचं चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकला लागला, तरी ते हवेत तसंच तीनेक किलोमीटर गेलं, मग हायटेन्शनच्या तारांना लागलं आणि जमिनीवर आलं. आत 118 माणसं होती. 55 गेली, 63 वाचली.

मी आयुष्यभर जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायच्या कारखान्यात, हिशोब लिहिला, यवतमाळ जिल्ह्यात, म्हणून असेल पण मला या सगळ्यात आधी ट्रकच दिसतो. विमान नाही. एप्रिल म्हणजे सीझन संपत आलेला असतो, गंजीतला शेवटचा कापूस रेच्याच्या यंत्रावर चढलेला असतो, आणि प्रेसमधून निघालेल्या गाठी मिलच्या रस्त्याला लागलेल्या असतात. एक गाठ साधारण 170 किलोची. लोखंडी पट्ट्यांनी अशी आवळलेली की वरून मूठ मारली तर मूठ दुखते, आत कापूस आहे हे सांगूनही पटत नाही. हमाल ती आकड्यानं ओढत फळीवरून ट्रकमध्ये लोटतात, थरावर थर, केबिनच्या वर जाईपर्यंत, मग ताडपत्री, मग दोर, मग त्या दोराला टांगलेली लिंबू-मिरची. बाहेरून पाह्यलं तर चालतं-फिरतं घर वाटते. अशा घराला सात फुटांच्या उंचीवर विमानाचं चाक लागलं, असं चौकशीत आलं. सात फूट म्हणजे गाठींचा दुसरा-तिसरा थर. नियम असा की धावपट्टी संपते तिथं विमान किमान 35 फूट वर पाहिजे, आणि तेही एक इंजिन ऐनवेळी बंद पडलं तरी. इथं दोन्ही इंजिनं चालू होती.

आता कारण. चौकशी अहवालानं दोन कारणं सांगितली. पहिलं, वैमानिकांनी नाक उचलायला उशीर केला आणि उचलायची पद्धतही चुकली. विमान धावता धावता एका ठरलेल्या वेगाला पोचलं की वैमानिक दांडा मागं ओढतो, नाक ठराविक गतीनं ठराविक कोनापर्यंत वर येते आणि मग पंख वजन घेतात. त्या वेगाला ओढलं नाही, किंवा अर्धवट ओढलं, की विमान धावतच राहते, आणि सेकंदाला सत्तर-ऐंशी मीटरच्या हिशोबानं धावपट्टी संपत जाते. त्यात एप्रिलची दुपार. औरंगाबाद समुद्रसपाटीपासून सुमारे 1900 फूट उंच. तापलेली हवा विरळ होते, विरळ हवेत इंजिनाचा जोर कमी पडतो आणि पंखांना तेवढंच वजन उचलायला जास्त वेग लागतो. म्हणजे ज्या दिवशी धावपट्टीचा एकेक फूट मोलाचा, त्याच दिवशी फूट वाया गेले.

दुसरं कारण: विमानांच्या वेळेत बीड रोडवरची वाहतूक रोखायची जबाबदारी तेव्हाच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाची होती, आणि ती पार पडली नाही.

हे दुसरं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटते. पहिल्या कारणावर थांबता आलं असतं. माणूस सापडला होता ना. पण कुणीतरी धावपट्टीच्या टोकाशी उभं राहून विचारलं असणार की बाकी सगळं खरं, पण हा ट्रक इथं आलाच कसा?

मागच्या वर्षी अहमदाबादचं झालं तेव्हा ही गोष्ट मी आमच्या चौकात सांगितली. 12 जून 2025. आमच्याकडं मृग लागला होता, पण पाऊस मे महिन्यातच तोंड दाखवून गायब, त्यामुळं सगळे रिकामे, बियाण्याच्या थैल्या घरात आणि माणसं टपरीवर. टीव्हीवर तेच ते सुरू. एअर इंडियाचं ड्रीमलायनर, लंडनला निघालेलं, 242 माणसं, उडालं आणि अर्ध्या मिनिटात मेडिकल कॉलेजच्या होस्टेलवर पडलं, मेसमध्ये पोरं जेवत होती. आतला एकच वाचला. खालचे 19 धरून 260 गेले. आमच्या टपरीवर तासाभरात निकाल लागला. कुणी म्हणे पक्षी, कुणी म्हणे घातपात, एक पोरगा व्हॉट्सअपवरचा व्हिडिओ दाखवत सांगे की बोइंग कंपनीच नासली. जुलैमध्ये प्राथमिक अहवाल आला, त्यात होतं की उडाल्या उडाल्या दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या फरकानं बंद स्थितीत गेले, एक वैमानिक दुसऱ्याला विचारतोय तू बंद केलंस का, दुसरा म्हणतो मी नाही केलं, आणि दहाएक सेकंदांनी स्विच परत चालू केले गेले पण तेवढी उंचीच उरली नव्हती. झालं. दुसऱ्या दिवशी टपरीवर वैमानिक गुन्हेगार. अहवालात ‘काय झालं’ एवढंच होतं, ‘का झालं’ हे नव्हतंच, आणि प्राथमिक अहवालात ते नसतेच, पण आपल्याला ‘कोण’ पाहिजे असते.

तिथं एक म्हातारे काकाजी बसले होते. ट्रकवर हयात गेलेली, हिंगणघाट-वणी-पांढरकवडा सगळ्या जिनिंगच्या गाठी वाहिलेल्या, नागपूर-हैदराबाद रोडचा एकेक खड्डा नावानं ओळखणारे. मी औरंगाबादची गोष्ट सांगितली. ऐकून घेतली त्यांनी, बिडी विझवली आणि म्हणाले, ‘मंग तिथं फाटक काऊन नव्हतं बाप्पा? रेल्वे येते तं फाटक पडते. इमान येते तं काऊन नाई पडत?’

एका पोट्ट्यानं मध्येच म्हटलं, ‘काकाजी, ड्रायव्हरनं पाह्यला नसन काय इमान? येवढं मोठ्ठं.’

‘थो समोर पाह्यन का वर पाह्यन बे? तू चालवून पाह्य एखाद्या रोज भरली गाडी.’

चौकशीला दुसरं कारण गाठायला जे सगळं करावं लागलं असेल, ते या माणसानं एका झुरक्यात केलं, कारण तो रस्त्याच्या बाजूनं पाहत होता. माझ्या मते ही हुशारीची गोष्ट नाहीच, कुठं उभं राहून पाहतो याची आहे.

विमानांच्या दुनियेत यासाठी एक नियमच आहे. 1944 च्या शिकागो कराराचं तेरावं परिशिष्ट. त्यात सरळ लिहिलंय की अपघाताच्या तपासाचा हेतू एकच, पुढचा अपघात टाळणं. दोष कुणाचा आणि भरपाई कुणी द्यायची हे ठरवणं त्याचं काम नाही. ते पोलिसांनी करावं, कोर्टानं करावं, इथं नाही. प्राथमिक अहवाल 30 दिवसांत, अंतिम जमलं तर वर्षभरात. वाचायला कोरडं वाटते, पण या एका वाक्यामुळं माणसं खरं बोलायची शक्यता वाढते. प्रत्यक्षात दरवेळी तसंच होते असं नाही. मेलेल्या वैमानिकावर ढकलणं सगळ्यात स्वस्त, तो काही उलटून बोलायला येत नाही, आणि कंपन्या, सरकारं, सगळे या मोहात पडतात. पण निदान नियम तरी तसा लिहून ठेवलाय.

चरखी दादरीचंही तसंच. 12 नोव्हेंबर 1996, हरियाणा, संध्याकाळ. दिल्लीहून निघालेलं सौदीचं जंबो आणि दिल्लीला उतरायला येणारं कझाकस्तानचं इल्युशिन, दोन्ही आभाळात एकमेकांवर आदळली, 349 माणसं, एकही वाचलं नाही, सगळं शेतांत पडलं. कारण काय, तर कझाक विमानाला 15 हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, ते खाली 14 हजारांवर उतरलं, जिथं दुसरं होतं. संपलं की प्रकरण! चूक सापडली, कुणाची तेही सापडलं. पण न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीच्या निमित्तानं पुढचा प्रश्नही निघाला की येणारी आणि जाणारी विमानं एकाच वाटेनं का जात होती? तर दिल्लीभोवतीचं बरंचसं आभाळ हवाई दलाकडं, मुलकी विमानांना एकच पट्टा. एकाच पट्ट्यात समोरासमोर, मध्ये फक्त हजार फुटांचं अंतर. त्यानंतर वाटा वेगळ्या झाल्या, नवी रडारं आली, आणि समोरून दुसरं विमान आलं तर वैमानिकाला आपोआप ‘वर जा, खाली जा’ सांगणारं यंत्र भारतात सक्तीचं झालं. म्हणजे तिथंही आभाळातल्या बीड रोडला फाटक बसलं, पण 349 माणसं गेल्यावर.

आता मी हे सगळं काऊन लिहून रायलो ते सांगतो.

आमच्याकडं मरण काही कमी नाही. पण त्याचा तपास कसा होतो? 2017 चा पावसाळा आठवा. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात. तेव्हा सगळीकडं एकच वाक्य ऐकू येत होतं, तोंडाला फडकं बांधलं नव्हतं, हातमोजे घातले नव्हते. म्हणजे चूक कुणाची? मजुराची. अरे पण जरा पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, उभं राहून पाहा ना. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, एरवी कमरेला-छातीला लागणारी. फवारा खाली मारायचा असतो, इथं माणूस डोक्यावर मारत होता आणि तोच अंगावर घेत होता. जी बोंडअळी अळीरोधक बीटी वाणानं जाईल म्हणून बियाणं घेतलं ती गुलाबी होऊन परत आली, म्हणून फवाऱ्या वाढल्या. दुकानदार म्हणाला हे आणि ते मिसळून मारा, मिसळलं. हातपंप जाऊन बॅटरीचे पंप आले, बारीक धुकं सोडणारे. वरून ऑगस्ट-सप्टेंबरचा दमट उकाडा, अंगातला सदरा घामानं चिकटलेला, त्यातून औषध थेट कातडीत. आणि गाव ते दवाखाना किती, नि दवाखान्यात उतारा मिळेल का, हे वेगळंच. किती कड्या झाल्या? आणि आपण धरली कोणती, तर फडकं.

चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत 2 एप्रिल 2022 च्या रात्री आभाळातून मोठी धातूची रिंग पडली, रॉकेटचा तुकडा, कुणाला लागली नाही. काही दिवसांत इस्रोची माणसं गावात येऊन पाहणी करून गेली. चांगलंच झालं. मला फक्त इतकंच वाटलं की वरून पडलेल्या गोष्टीची तपासणी करायची आपल्याला हौस आहे, खालून खचलेल्याची नाही.

शेतकरी आत्महत्येची चौकशी तर मी जवळून पाहिली. आमच्याच आळीतल्या एका पोराची. नाव लिहित नाही, त्याचा बाप वाचतो हे. चौकशीत बघतात काय? मरणारा शेतकरी होता का, म्हणजे जमीन होती का. कर्ज होतं का, तेही राष्ट्रीयीकृत बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं. वसुलीचा तगादा होता का. मग समिती बसते आणि निकाल देते, पात्र किंवा अपात्र. पात्र झालं तर एक लाख, त्यातले तीस हजार हाती, बाकीचे ठेवीत. अहमदाबादनंतर टाटांनी मृतांच्या घरच्यांना एक कोटी जाहीर केले, आंतरराष्ट्रीय करारानं मिळायचे ते वेगळे. मी दोन मरणांची तुलना करत नाही, त्या लोकांचं दुःख काही कमी नाही, पण आकडे डोळ्यांत खुपतात ते खुपतातच.

पोराचं प्रकरण अपात्र झालं. जमीन बापाच्या नावावर, फेरफार झाला नव्हता. कसत होता तोच, पण कागदावर तो शेतकरीच नव्हता. आणि उधारी होती ती कृषी केंद्राची आणि बिनपरवान्याच्या माणसाची, म्हणजे कागदावर कर्जही नव्हतं. म्हणजे सरकारदप्तरी हे पोरगं कशामुळं गेलं? कशामुळंच नाही.

मला त्याच्या मागच्या सीझनचा कापूस आठवतो. आणला होता त्यानं आमच्या जिनिंगवर, सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची, खरेदी सुरू होती, भाव 7521. ग्रेडरनं मॉइश्चर मीटरचं टोक ढिगात खुपसलं, आकडा 12 टक्क्यांच्या वर. 12 च्या वर घेत नाही. पोरगं म्हणालं, ‘साहेब, आत खोलात पाहा ना, वरवरच्याले दव लागलं.’ ग्रेडरनं पाहिलंही, परत तेच. ग्रेडर काही वाईट माणूस नव्हता, त्याला जो आकडा पाळायचा तो त्यानं पाळला. पण परत न्यायचं तर गाडीभाडं, वाळवायचं तर अंगणात जागा नाही, मजूर तर मिळतच नाही. तिथून तीच गाडी फाटकाबाहेरच्या व्यापाऱ्याकडं वळली आणि क्विंटलमागं कितीतरी कमी भावात रिकामी झाली. मी खिडकीतून बघत होतो, माझ्या वहीत फक्त एवढंच आलं की अमुक नंबरची गाडी परत. कापूस ओला का होता? कारण वेचणीला माणूस मिळाला तो सकाळच्या दवातच मिळाला. दवातच का? कारण दुपारनंतर त्याच बाया दुसऱ्याच्या वावरात. असं मागं मागं गेलं की कुठं थांबायचं ते कळत नाही, पण विमानवाले जातात ना मागं मागं. एका बोल्टपर्यंत जातात. तो बोल्ट ज्यानं बसवला त्यानं त्या दिवशी किती तास काम केलं होतं इथपर्यंत जातात.

कुणी म्हणेल एका विमानात दीडशे-दोनशे माणसं एकदम जातात म्हणून तेवढा तपास, इथं एकेक जण सुटा सुटा जातो. बरोबर. पण जोडून पाहिले तर कितीतरी विमानं भरतील. आणि तसं पाहिलं तर आमचं काम सोपं आहे, इथं समुद्राच्या तळातून ब्लॅक बॉक्स काढायचा नाही, सगळं कुणाच्या ना कुणाच्या वहीत लिहिलेलं आहे. माझ्या वहीत गाडी परत गेल्याची नोंद आहे. कृषी केंद्राच्या वहीत उधारी आहे. तलाठ्याकडं पेरेपत्रक आहे. सोसायटीत नाकारलेला अर्ज असेल. या वह्या एका टेबलावर कधी येत नाहीत एवढंच.

मग बापानं फेरचौकशीचा अर्ज करायचं ठरवलं, आणि अक्षर बरं म्हणून माझ्याकडं आला. बसलो लिहायला. भरपाई मागतोय असं एका ओळीत लिहिलं आणि पुढं सगळं लिहीत गेलो, मीटरचा आकडा, गाडीचा नंबर, व्यापाऱ्याचा भाव, फेरफार किती दिवसांपासून अडकला ते, पीक विम्याची तक्रार 72 तासांत करायची होती आणि तेव्हा गावात लाइट नव्हती म्हणून मोबाईल बंद, बोंडअळी, डुकरं, सगळं. बाप म्हणाला, ‘येवढं कायले लिवता भाऊ, त्याईले येवढं वाचाले टाइम हाये का?’ मी म्हटलं लिहू तं द्या.

अर्ज घेऊन तालुक्याला गेलो. खिडकीतल्या बाबूनं पानं चाळली, म्हणाला विषय एकच लिहा, मदत मिळण्याबाबत, एका पानात आणा, हे बाकीचं कशाला, याला इथं रकाना नाही. वाद घालण्यात अर्थ नव्हता, त्याच्याही टेबलावर ढीग होता. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं बसून एक पानाचा अर्ज नवा केला, आधीची पानं त्याच्या मागं ‘जोडपत्र अ’ म्हणून टाचली, आणि परत खिडकीत दिला. बाबूनं पहिल्या पानावर शिक्का मारला. मी म्हटलं जोडपत्रावरही मारा, पोच पाहिजे. त्यानं वर पाहिलं, आणि मारला.